अंगकाठीप्रमाणे साडी, ब्लाउज आणि कुर्ता: मापं, कट आणि कापड

काठपदर
कोणत्या बांध्याला कोणते कपडे शोभतात यावरचं बहुतेक लिखाण फळांच्या नावांवर येऊन थांबतं. पेअर, अ‍ॅपल, नाहीतर वाळूचं घड्याळ. ते वाचून दुकानात गेलं की काही उपयोग होत नाही, कारण दुकानदार आणि शिंपी दोघंही इंचात बोलतात. म्हणून हा धागा मापांचा. साडी, ब्लाउज आणि परकर मुख्य, कुर्त्याबद्दल कुणी लिहिलं तर उत्तमच. बोलायला सोपं जावं म्हणून चार अंगकाठ्या मांडते:

पहिली: उंची ५ फूट, छाती ३४, कंबर ३०, नितंब ४२.
दुसरी: उंची ५ फूट ३ इंच, भरलेली छाती ४१, काखेजवळून वरची छाती ३६, खांदा अरुंद.
तिसरी: उंची ५ फूट ८ इंच, सडपातळ, खांदे रुंद आणि सरळ.
चौथी: हातपाय बारीक, घेर सगळा पोटावर.

काय घ्यावं, कसं शिवून घ्यावं आणि का, तेवढं लिहा. "सगळ्यांना सगळं छान दिसतं" असे प्रतिसाद प्रेमाने येतात, पण त्याने मुंढा (बाही जोडतात ती काखेची गोलाई) बसत नाही.

उरेब
आधी ब्लाउज घेते, कारण साडी कितीही चांगली असली तरी ब्लाउज बिघडला की सगळं बिघडतं.

बहुतेक ठिकाणी छातीचं एकच माप घेतात आणि त्यावरून खांदा, मुंढा, गळा सगळं सूत्राने काढतात. तुमच्या यादीतली दुसरी बाई नेमकी तिथे फसते. ४१ छातीच्या सूत्राने काढलेला खांदा तिला किमान पाऊण इंच जास्त होतो. मग खांदा उतरतो, गळा पुढून उघडा पडतो, आणि "सैल झालाय, घट्ट करू" म्हणून बगलेची, म्हणजे बाजूची, शिवण आत घेतली जाते. त्याने छाती दाबली जाते आणि खांदा आहे तिथेच राहतो.

म्हणून मापं तीन घ्यायची: काखेजवळून वरची छाती, भरलेली छाती, आणि स्तनांखालची, म्हणजे पट्टी बसते तिथली. टेप जमिनीला समांतर, ना ओढलेली ना लोंबणारी. साडीवर जी ब्रा घालणार तीच घालून माप द्यायचं. पॅडची घालून माप दिलं आणि साधी घातली, तर टकाच्या (आकार देण्यासाठी कापड चिमटीत घेऊन घातलेल्या शिवणीच्या) टोकाशी कापडाचा फुगा येतो.

वरच्या आणि भरलेल्या छातीतला फरक कट ठरवतो. २ इंचांपर्यंत फरक असेल तर साधे टक्स पुरतात. २ ते ४ इंचांना प्रिन्सेस कट (टकांऐवजी छातीवरून खालपर्यंत जाणारी सलग उभी शिवण) किंवा चार टकांचा. ४ च्या पुढे कटोरी, म्हणजे स्तनाच्या आकाराचा वेगळा कापून जोडलेला गोलाकार भाग. खांदा, मुंढा आणि गळा वरच्या छातीच्या मापाने कापायचे आणि जादा लागणारं कापड फक्त पुढच्या भागात, टकातून किंवा कटोरीतून द्यायचं. "खांदा-मुंढा ३६ चा, पुढचा भाग ४१ चा" एवढं एक वाक्य शिंप्याला सांगितलं तरी निम्मं काम होतं.

आणखी दोन मापं मागून घ्या, कारण ती आपणहून कुणी घेत नाही. एक म्हणजे टक पॉइंट: मानेजवळच्या खांद्यापासून स्तनाग्रापर्यंतची उंची. ३६ छातीला ती साधारण साडेनऊ ते दहा इंच असते, पण वयाने आणि बाळंतपणाने खाली येते, म्हणून दरवेळी नव्याने मोजावी. दुसरं, दोन्ही स्तनाग्रांमधलं अंतर, साधारण सात ते साडेसात. टकाचं टोक स्तनाग्राच्या अर्धा ते पाऊण इंच अलीकडे संपलं पाहिजे, भरलेल्या छातीला पूर्ण एक इंच अलीकडे. अगदी बिंदूपर्यंत शिवलं की टोकदार दिसतं, आणि मग दोष कटोरीला दिला जातो.

शिवणटीप
उरेब, जवळजवळ सगळं पटलं, पण ४ च्या पुढे सरसकट कटोरी यावर असहमत. पैठणीच्या बुट्टीचं कापड, ब्रोकेड किंवा मोठी प्रिंट असेल तर कटोरीची गोल शिवण ऐन छातीवर नक्षी तोडते आणि नजर तिथेच थांबते. अशा कापडाला मुंढ्यातून निघणारा प्रिन्सेस कट बरा. त्याची शिवण बाजूला राहते. खांद्यातून निघणारा प्रिन्सेस उभी सलग रेघ देतो, तो ठेंगण्या बांध्याला चांगला, पण साध्या कापडातच.

दुसरी अडचण कापडाची. साडीसोबत येणारा ब्लाउजपीस साधारण ८० सेंटिमीटरचा. ४२ छाती, कोपरापर्यंत बाही आणि उरेब (धाग्याला तिरकी) कापलेली कटोरी हे तिन्ही त्यात बसत नाही, सुमारे मीटरभर लागतं. कापड कमी पडलं की कटोरी उरेब न कापता सरळ कापली जाते, तिला लवचीकपणा राहत नाही आणि ती छातीवर सपाट बसते. अशा वेळी बाही आखूड करा किंवा पाठ जुळणाऱ्या साध्या कापडाची घ्या, कटोरीत काटकसर नको. खणाला हे आणखी लागू. त्याचा पन्हा (कापडाची रुंदी) अरुंद, म्हणून जास्त मीटर घ्यावे लागतात. काठ बाहीच्या मोहरीला (खालच्या कडेला) लावायचा असेल तर कापण्याआधीच सांगा.

उरेब
मान्य. नक्षीच्या कापडाला प्रिन्सेस. साधी सिल्क, कॉटन, खण यांना माझं मत कटोरीच. मात्र अस्तर सरळ धाग्यात कापलेलं असावं, नाहीतर उरेब कापलेली कटोरी काही धुण्यांत सैल पडते. आणि अस्तर पाण्यात चांगलं भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करूनच शिंप्याकडे द्या. तसं न करता शिवलं तर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं, वरचं कापड आटत नाही आणि पूर्ण ब्लाउजवर बारीक फुगे येतात. त्यावर इलाज नाही.

निशिगंध
उपयुक्त धागा. तयार ब्लाउज अंगात घातल्यावर नेमकं काय चुकलंय हे कसं ओळखायचं? शिंप्याला "बसत नाहीये" याशिवाय दुसरं काही सांगता येत नाही.

उरेब
सुरकुत्या वाचायच्या. आरशासमोर हात खाली सोडून उभं राहा.

काखेतून स्तनाकडे तिरक्या ओढी दिसल्या तर पुढच्या भागात कापड कमी आहे, टक वाढवायला हवा. बगलेची शिवण उसवून सैल केली तरी हे सुटत नाही. हुकांमध्ये चंद्रकोरीसारख्या फटी पडत असतील तर छातीच्या रेषेवर हूक नाही. एक हूक बरोबर त्या रेषेवर घ्यायचा आणि बाकीचे त्याच्या वरखाली सव्वा इंचाने. तरीही फटी राहिल्या तर छातीच कमी आहे.

मागच्या गळ्याखाली आडवी घडी येते ती खांदे सरळ असल्यामुळे. तुमच्या तिसऱ्या बाईला हमखास येणार. खांद्याचा उतार पाव इंच कमी केला की जाते. उलट मानेपासून काखेकडे तिरकी घडी आली तर खांदे उतरते आहेत, उतार वाढवायचा किंवा पातळ पॅड घालायचं.

सगळ्यात जास्त गैरसमज मुंढ्याबद्दल आहे. हात वर करताना ब्लाउज वर सरकतो म्हणून मुंढा आणखी खोल कापायला सांगतात. होतं उलटं. मुंढा जितका खाली, तितका हात उचलताना पूर्ण ब्लाउज ओढला जातो. तो काखेच्या जवळ हवा आणि बाहीला दंडावर दीड इंच सैलपणा हवा. दंड भरलेला असेल तर बाही ४-५ इंचांवर संपवू नये, कारण दंड तिथेच सगळ्यात जाड असतो आणि मोहरीची आडवी रेघ तिथे बसली की नजर तिथेच जाते. १० ते ११ इंच, म्हणजे कोपराच्या जरा वर, ही सुरक्षित लांबी. बारीक, लांब हातांना मात्र ४ इंची बाहीही खुलते.

गळ्याचा हिशेब: मागचा गळा ९-१० इंच खोल हवा असेल तर पुढचा ६ ते साडेसहाच्या पुढे नको, आणि गळ्याची रुंदी कमी ठेवा, म्हणजे खांद्याची पट्टी मानेजवळ राहील. दोन्ही गळे खोल आणि रुंदही घेतले तर खांद्याला धरून ठेवणारं काही उरतच नाही. मागे दोरी लावली तर ती शोभेसाठी नाही, खांदा धरण्यासाठी आहे, म्हणून ती वरच्या टोकाला लावायची. गळ्याची पायपिन उरेब पट्टीची आणि गळ्याच्या घेरापेक्षा अर्धा इंच कमी, किंचित ताणून लावलेली असावी. त्याने गळा अंगाला चिकटून राहतो. पाठ भरलेली असेल तर मागच्या गळ्याखाली किमान ४ इंच कापड राहू द्या. बारीक पट्टी मांसात रुतते आणि वर-खाली दोन वळ्या पडतात.

आणि दाब, म्हणजे शिवणीच्या आत ठेवलेलं जादा कापड. बगलेच्या प्रत्येक कडेला एक इंच दाब ठेवून घ्या. त्यातला अर्धा इंच सोडला तरी चारही कडा मिळून घेर २ इंच वाढतो. महाग साडीचा ब्लाउज त्यामुळे कितीतरी वर्षं चालतो.

पन्हा
आता साडीकडे. साडीचं गणित कुणी करत नाही, आणि बऱ्याच तक्रारी तिथून येतात.

साडी साडेपाच मीटर, म्हणजे सुमारे २१६ इंच, रुंदी साधारण ४६. ४२ नितंबाच्या बाईचा हिशेब बघा. पहिला वेढा ४५ इंच, ५ इंची निऱ्या सहा (प्रत्येक निरीत दुप्पट कापड, म्हणून ६०), दुसरा वेढा ४५, कंबरेवरून छातीपुढून खांद्यापर्यंत २८, आणि उरलेला ३८ इंच पदर. नितंब ४८ असेल तर दोन वेढ्यांत मिळून १२ इंच जास्त जातात, म्हणजे एक निरी कमी करावी लागते किंवा पदर गुडघ्याच्या बराच वर संपतो. तिथे हट्टाने सात निऱ्या घातल्या की पदर तोकडा राहतो आणि मागचा वेढा ओढला जाऊन नितंबावर ताणलेला दिसतो. शरीर तेच, पण ताणलेलं कापड ते मोठं दाखवतं.

रुंदीचा हिशेब उंचीप्रमाणे. ५ फुटांच्या बाईच्या बेंबीखालपासून जमिनीपर्यंत सुमारे ३६ इंच. ४६ मधले १० इंच आत खोचावे लागतात. ५ फूट ८ इंचाच्या बाईला तेच माप ४१ च्या आसपास, म्हणजे ५ इंचच. ठेंगण्या बाईचं पोट साडीत जास्त दिसतं यात पोटापेक्षा त्या १० इंचांचा वाटा मोठा असतो. यावर उपाय: परकर बेंबीच्या रेषेवर बांधला की दोन इंच वाचतात. चपलेची टाच आधी ठरवून, ती घालूनच साडी नेसायची, तिथेही इंच-दोन इंच सुटतात. उरलेलं कापड गोळा करून कोंबू नये, हाताने सपाट पसरून बाजूंकडे न्यावं, निऱ्यांच्या मागे जाड थर साचू देऊ नये.

काठ: ५ फुटांना दोन-अडीच इंची काठ प्रमाणात दिसतो. सहा इंची काठ पायाकडे मोठा आडवा तुकडा तोडतो आणि उंची आणखी कमी दिसते. रुंद काठाचा मोह असेल तर काठ आणि अंग एकाच रंगाच्या कुटुंबातला घ्या. उंच बाईने मात्र रुंद काठ, मोठी बुट्टी, विरुद्ध रंग जरूर घ्यावेत, तिला बारीक काठ हरवल्यासारखा दिसतो. इरकल, नारायणपेठ यांत काठाचा रंग अंगाहून वेगळा असतो, तेव्हा ठेंगण्या बांध्याने कमी रुंदीचा काठ शोधावा. मिळतो, विचारावं लागतं.

कापडाबद्दल थोडक्यात. ऑर्गेंझा, टिश्यू आणि कडक खळीची सुती साडी अंगापासून दूर उभी राहते. सडपातळ बाईला त्याने भरीवपणा येतो, पहिल्या बाईच्या निऱ्या मात्र नितंबापासूनच छत्रीसारख्या उघडतात. तिला घ्यायचीच असेल तर निऱ्या घालून, वरून १० इंच इस्त्री दाबून मग नेसावी. शिफॉन आणि पातळ क्रेप याच्या उलट, प्रत्येक वळी दाखवतात. या दोन टोकांच्या मधे महेश्वरी, चंदेरी, मऊ सिल्क, मलमल, जाडसर जॉर्जेट. चारही बायकांना यात काहीतरी मिळेल. चंदेरी विरळ असते, तिच्याखाली परकराचा रंग जुळलेला हवा, नाहीतर परकराचा नेफा पोटावर आडव्या पट्ट्यासारखा दिसतो.

दुपेडी
चौथ्या बाईने पदर मोकळा सोडावा की पिनअप करावा?

पन्हा
ऐन पोटावर घेर असेल तर मधला मार्ग. खांद्यावर ५ चुण्या, प्रत्येक साडेचार इंचाची (४६ रुंदीत बरोबर बसतात), पण छातीपुढे सगळ्या दाबून अरुंद करायच्या नाहीत. खालच्या दोन चुण्या पोटावरून तिरक्या पसरू द्यायच्या आणि खालचा काठ डाव्या कुशीतून जरा वर ओढून आत पिन करायचा. तिरकी रेघ पोटावरून जाते आणि वळी झाकली जाते. पूर्ण मोकळा पदर पोट झाकतो खरा, पण हातासकट सगळं एका रुंद पडद्यामागे जातं.

ब्लाउजची उंचीही तिने बदलावी. १३ इंची ब्लाउजची पट्टी पोटाच्या वरच्या वळीवर बसते. १५ ते १६ घेऊन, खालच्या घेरात इंचभर सैलपणा ठेवून आणि बाजूला चेन लावून शिवला तर ती वळी कापडाच्या आत जाते.

शिवणटीप
परकर राहिला. नितंब भरलेले असतील तर चुण्यांचा परकर घेऊ नका, सहा कळ्यांचा घ्या. कंबरेशी सपाट, खाली घेर. नाडीची गाठ पुढे नको, बाजूला. सॅटिनचा परकर घसरतो, साडीच्या वजनाने अर्ध्या तासात दोन इंच खाली येतो आणि मग निऱ्या पायात. पॉपलीन किंवा सुती बरा.

आणि नाडी. बारीक दोरीऐवजी एक-दीड इंच रुंद पट्टा लावून घ्या, दिसतोही सपाट. दिसण्यापलीकडेही कारण आहे. रोज एकाच जागी आवळलेल्या दोरीने कातडी काळी पडते, सोलते, जखम होते. अशी दीड-दोन वर्षं न भरलेली जखम कर्करोगात बदलल्याच्या दोन रुग्णांबद्दल वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये लिहिलं आहे. असं क्वचित होतं, पण कंबरेवरची जखम भरत नसेल तर डॉक्टरांना दाखवा आणि रोज बांधायची जागा बदला.

निशिगंध
आडव्या रेघांनी जाड दिसतं म्हणून आडव्या पट्ट्यांच्या साड्या टाळाव्यात का?

पन्हा
हे जितकं ठामपणे सांगितलं जातं तितकं खरं नाही. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १९व्या शतकातच दाखवलं होतं की आडव्या रेघांनी भरलेला चौकोन उंच भासतो आणि उभ्या रेघांनी भरलेला रुंद. बायकांच्या झग्यांचं उदाहरणही त्यानेच दिलं होतं. म्हणून रेघेच्या दिशेपेक्षा तिची जाडी आणि रंगातला विरोध बघा. एकसारख्या बारीक, जवळजवळच्या आडव्या रेघा काहीच बिघडवत नाहीत. बिघडवते ती एकटी, ठळक, विरुद्ध रंगाची पट्टी, तीही सगळ्यात रुंद जागी आलेली. नेसताना मोठी पट्टी नितंबावर कुठे येते ते आरशात बघा, दोन-तीन इंच वर खोचली तरी जागा बदलते.

मोहरी
कुर्त्याचं मी लिहिते. पहिल्या बाईला रेडीमेडमध्ये नेहमी प्रश्न पडतो, ३४ चा घ्यावा की ४२ चा? खांद्याच्या मापाने घ्या. खांदा दुरुस्त करायला बाही उसवावी लागते आणि तरीही तो नीट बसेलच असं नाही. बगल आणि चीर (कुर्त्याच्या बाजूची उघडी फट) मात्र सहज बदलते.

सरळ कुर्त्यात नितंबावर ३-४ इंच सैलपणा हवा. चीर नितंबाच्या सगळ्यात रुंद रेषेवर किंवा त्याच्या जरा वर सुरू झाली पाहिजे, म्हणजे कंबरेखाली साधारण ७ इंचांवर. कंपन्या ती बऱ्याचदा खाली ठेवतात. मग बसताना कुर्ता नितंबावर अडकतो, वर चढतो आणि पोटावर झोल येतो. दोन-अडीच इंच चीर उसवून वर घेणं हे दहा मिनिटांचं काम आहे. तरीही ओढत असेल तर सरळ कट तिच्यासाठी नाही, ए-लाइन किंवा कळीदार घ्या.

लांबी अशी ठेवा की खालची कड पायाच्या जाड भागावर संपणार नाही. पोटरीच्या ऐन मध्यावर नको, गुडघ्याच्या जरा खाली किंवा पोटरी बारीक होते तिथे. चौथ्या बाईला छातीखाली चुण्या असलेला कुर्ता सुचवला जातो, त्याने बऱ्याचदा गरोदरपणाचा भास होतो. तिला मानेपासून उभी बटणपट्टी आणि कंबरेशी टक नसलेला सरळ कुर्ता जास्त चांगला, खाली बारीक मोहरीची पँट. पाय बारीक आहेत, ते दिसू देत.

साइझच्या आकड्यांवर विसंबू नका. आपल्याकडचे रेडीमेड तक्ते बरेचसे परदेशी मापांवरून आलेले आहेत. म्हणूनच 'निफ्ट' या राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने इंडियासाइझ हा प्रकल्प हाती घेतला, १५ ते ६५ वयोगटातल्या २५ हजारांवर भारतीयांची मापं स्कॅनरने घेण्याचा. त्या मापांचे तक्ते दुकानांत रुळेपर्यंत एकाच बाईला एका कंपनीचा एम आणि दुसरीचा एक्सएल होणं अगदी स्वाभाविक आहे.

सांजवात
वयस्कर बायकांचं कुणी लिहिलं नाही. पाठीला पोक आलं की पाठीची लांबी वाढते आणि पुढची कमी होते. जुन्या मापाचा ब्लाउज मागून वर चढतो, पुढे गळ्याशी फुगतो. पाठीला पाऊण ते एक इंच वाढवायचं, पुढे अर्धा इंच कमी करायचं, मागचा गळा ५-६ इंचांच्या पुढे नको. खांदा आखडलेला असेल तर मागचे हूक किंवा चेन नकोच, पुढे मोठे हूक किंवा टिचबटणं.

स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतरही ब्लाउज पूर्वीइतकाच छान बसू शकतो. कृत्रिम स्तन वापरत असतील तर अस्तराला आतून मऊ सुती कप्पा शिवून घ्यायचा, कुशीच्या बाजूने उघडा. दोन्ही बाजूंची मापं वेगळी घ्यायची आणि दोन्ही कटोऱ्या वेगवेगळ्या कापायच्या. वाकल्यावर गळा उघडू नये म्हणून पुढचा गळा नेहमीपेक्षा अर्धा-एक इंच वर. हाताला सूज येत असेल तर त्या बाजूची बाही २ इंच सैल, मोहरीला इलॅस्टिक अजिबात नाही, आणि माप संध्याकाळी द्या, सूज तेव्हा जास्त असते. व्रणावर जाड शिवण येऊ देऊ नका, हे शिंप्याला बोट ठेवून दाखवा.

काठपदर
सांजवात ताई, हा प्रतिसाद वेगळा जपून ठेवते. कप्पा काढता-घालता येईल असा हवा की कायमचा शिवलेला?

सांजवात
कायमचा, पण तीन बाजूंनीच. चौथी, कुशीकडची बाजू मोकळी. ब्लाउज धुण्याआधी कृत्रिम स्तन काढावा लागतो. मोकळ्या कडेवर एकावर एक येणारी अर्ध्या इंचाची घडी ठेवा, म्हणजे तो हालचालीत बाहेर सरकत नाही. त्या घडीला बटण किंवा वेल्क्रो लावू नका, काखेत टोचतं.

शिवणटीप
त्या कप्प्याला होजिअरीचं कापड वापरा, जुन्या पण न विरलेल्या बनियनचंही चालतं. आणि कापण्याआधी एकदा धुऊन घ्या, ते अस्तरापेक्षाही जास्त आटतं.